ऑइलपेंटवरची संजा

ओसरीच्या भिंतीला मी हिरवा ऑइलपेंट लावला. एक हात मारून समाधान झालं नाही म्हणून वर दुसराही मारला, आणि तोही संजा बसायच्या ऐन तोंडावर.

ज्यांचं लहानपण माळव्यात गेलेलं नाही त्यांना यात मूर्खपणा कुठे आहे हे कळायचं नाही. भिंत आपली, रंग आपला, कोणाच्या बापाचं काय जातं? पण आमच्याकडे श्राद्धपक्षात मुली रोज संध्याकाळी भिंतीवर गाईच्या शेणाने एक आकृती काढतात, तिच्यावर कण्हेरीच्या, तेरड्याच्या पाकळ्या चिकटवतात, आरती करतात आणि झाकलेला प्रसाद एकमेकींना ओळखायला लावतात. हीच संजा. पौर्णिमेला पाटला, म्हणजे आपला पाट. पुढे चौपट म्हणजे सोंगट्यांचा पट, सातिया म्हणजे स्वस्तिक, आठ पाकळ्यांचं फूल, असं करत करत अमावास्येला तटाबुरुजांचा मोठा किलाकोट. वर चंद्र-सूर्य मात्र रोजचेच. महाराष्ट्रातून बदलीवर आलेली मंडळी आधी नाक मुरडायची, मग त्यांच्याच मुली शेण शोधत गल्लीभर फिरायच्या. तर हे सगळं शेणाचं काम चुन्याच्या खरबरीत भिंतीवर बसतं. ऑइलपेंटवर शेण टिकत नाही. हे आमच्या माधव नगरातल्या म्हशींनासुद्धा ठाऊक असावं. मला नव्हतं, आणि मी बी.एस्सी.ला होतो.

बी.एस्सी.ला होतो म्हणजे तिथेच अडकलो होतो. फिजिक्सने दगा दिला होता आणि सप्लिमेंटरीची वाट बघत मी घरात बसून होतो. आई पुढच्या खोलीत बालवर्ग चालवायची. सकाळ झाली की सायकलरिक्षा दारात रिकामी व्हायची, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, एखादं रडणारं पोर, आणि मग दुपारपर्यंत घरात पाटीवर पेन्सिल करकरण्याचा असा काही आवाज भरायचा की स्टेशनातल्या इंजिनाची शिट्टी त्यापुढे गोड वाटावी. डब्यांची झाकणं उघडली की पराठा-लोणच्याचा वास, त्यात कोणाच्या तरी डब्यातले शेव आणि जीरावण मसाला घातलेले पोहे. अशा घरात बसून राहिलेल्या तरण्याबांड मुलाला काहीतरी हुद्दा हवा, नाहीतर येणारी-जाणारी विचारतात. म्हणून आईने मला चित्रकलेचा तास दिला. मुलांनी मला ‘भैया’ म्हणायचं आणि मी त्यांना गोल, चौकोन, त्रिकोण शिकवायचे.

माझी पद्धत शास्त्रीय होती. शास्त्रीय म्हणजे मुलांना हमखास रडू येईल अशी. पाटीवर वाटी पालथी घालायची, तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची, झाला गोल. मग वाटी काढून हातानेच काढायचा. काढला की मी त्या गोलावर वाटी ठेवून बघायचो. जेवढं बाहेर डोकावेल तेवढं ओल्या फडक्याने पुसायचो. काही मुलांचं तर सगळंच पुसलं जायचं. टिन्नी नावाची एक मुलगी होती, दोन वेण्या, नाकाला कायम सर्दी. तिच्या गोलाला दरवेळी शेपूट यायचं. सुरुवात एकीकडे, शेवट दुसरीकडे, आणि उरलेली रेघ लोंबकळत. मी ते शेपूट पुसायचो, ती पुन्हा काढायची. उन्हाळा गेला, आषाढ लागला, शेपूट काही गेलं नाही. तरीही आई पाहुण्यांना सांगायची, “आमच्या नंदूचं वर्तुळ बघा, कंपासने काढल्यासारखं.” मी पडद्याआड उभा राहून ते ऐकायचो आणि पाहुण्यांनी पुरेसं कौतुक केलं नाही तर खाकरून पडद्याबाहेर यायचो.

अशात दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली.

वहिनीचं नाव शालिनी, माहेर देवासचं. घर मराठी, पण माळवी अशी बोलायची की भाजीवालासुद्धा भाव करताना दबून असायचा. पहिले काही दिवस ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझा तास बघायची. मला वाटलं, प्रभावित झाली. मग एक दिवस म्हणाली, “भाऊजी, एवढुशा पोरांना वाटी कशाला? हात नाहीत का त्यांना?”

मी म्हटलं, “वहिनी, अचूकता लहानपणीच लागते.”

“अच्छा,” ती म्हणाली. आमच्या गावात हा शब्द शंभर प्रकारे म्हणता येतो. तिचा प्रकार मला आवडला नाही.

त्याच आठवड्यात मला ताप आला आणि तास तिने घेतला. मी आतल्या खोलीत गोधडी ओढून पडलो होतो आणि बाहेरून हसण्याचे आवाज येत होते. माझ्या तासाला कधी कोणी हसल्याचं स्मरत नव्हतं. कण्हत उठून खिडकीतून पाहिलं तर अंगणात पोरांनी हात धरून फेर धरलेला. “क्या बना?” वहिनी विचारत होती. “गोला!” मग तिने एक चादर आणली, चार पोरांना चार कोपरे दिले. चौकोन झाला. त्यातलं एक पोर नाक पुसायला गेलं, चादरीचा कोपरा दुमडला आणि सगळे ओरडले, “समोसा!” झाला त्रिकोण. नंतर परातीत पीठ पसरून एकेकाला बोटाने काढायला बसवलं. टिन्नीची पाळी आली. गोल झाला आणि अर्थातच शेपूट आलं. टिन्नी घाबरून इकडेतिकडे फडकं शोधायला लागली.

वहिनी म्हणाली, “अरे, ये तो चूहा बन गया. अब दूसरा बना, पर उसको पूँछ मत देना, नहीं तो वो भी भाग जाएगा.”

टिन्नीने जीभ बाहेर काढून दुसरा गोल काढला. तो बटाट्यासारखा होता, पण मिटलेला होता. शेपूट नव्हतं. मी आत जाऊन थर्मामीटर लावला. ताप वाढला होता.

मत्सर हा शब्द मोठा आहे, ऋषिमुनींना शोभणारा. मला जे झालं ते जळणं होतं, साधं, पोटातलं, करपट ढेकरासारखं. दुसऱ्या दिवसापासून पोरं दारात पाऊल टाकताच विचारायला लागली, “भाभी कहाँ है?” गल्लीभर तिला भाभी म्हणायचे, म्हणून पोरांचीही ती भाभीच. मी भैया, पण भैया कुठे आहे हे कोणी विचारेना. मी सायकलवर येताना दिसलो तर पोरं वाट्या लपवायची. आणि बेरीचं तर काय सांगू? आई साय साठवून लोणी कढवायची, तूप गाळल्यावर भांड्याच्या तळाशी जी तांबूस, खमंग बेरी उरते तिच्यावर पिठीसाखर भुरभुरवून चमच्याने खरवडून खायची, हा धाकटा म्हणून माझा जन्मसिद्ध हक्क होता. त्या श्रावणात तूप कढल्याचा वास आला म्हणून मी चमचा घेऊन स्वयंपाकघरात गेलो, तर वहिनी जमिनीवर मांडी घालून भांडं मांडीत घेऊन बसलेली आणि आई कौतुकाने म्हणत होती, “खा गं, तिकडचं खरवड, कडेला जास्त आहे.” मी चमचा पाठीमागे लपवला. आईने विचारलं, “काय हवंय रे?” मी म्हटलं, “पाणी.” चमच्याने पाणी प्यायला आलेला मुलगा तिने पहिल्यांदाच पाहिला असणार.

आता माझा नातू टॅबलेटवर बोटाने कसाबसा वेडावाकडा गोल काढतो आणि ते यंत्र टिंग करून त्याचा परिपूर्ण गोल करून देतं. ते बघून मला उगाच भरून येतं. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्यासारखा विचार करणारं भेटलं.

भाद्रपदात आईने एक दिवस आम्हा दोघांना समोर बसवलं. “मुलं गोंधळतात,” ती म्हणाली. “हा वाटी म्हणतो, ही उंदीर म्हणते. नवरात्रापासून चित्राचा तास एकाच्याच हातात. श्राद्धपक्ष संपू दे, मग मी ठरवते.” मी वहिनीकडे पाहिलं. ती शेंगा सोलत होती, म्हणाली, “आई, यंदा संजा वर्गातल्या पोरांकडून घालून घेऊ ना. रोज एक आकार. मुलगेसुद्धा करतील. ओसरीची भिंत छान आहे.” आई खुश झाली. चौकोन, फूल, स्वस्तिक, अख्खा पंधरवडा रोज आकार शिकवणार ही, तेही शेणाने, आणि मी वाटी घेऊन बसणार. तास गेल्यात जमा होता. आणि तो तास गेला तर घरात माझं नाव काय उरणार होतं? नापास.

मग वहिनी आईला घेऊन दोन दिवस माहेरी गेली, आणि मला ती युक्ती सुचली. पाटला म्हणजे शेवटी चौकोनच ना? चंद्र म्हणजे गोलच ना? मग भिंतीवर आपणच पक्के, अचूक आकार रंगवून ठेवायचे. संजा बसेल ती माझ्या आखणीत. पोरं शेण भरतील ते माझ्या चौकोनात. म्हणजे वहिनीने शेण कालवायचं आणि शिकवलं कोणी, तर मी. ही युक्ती सुचल्यावर मी आरशासमोर उभा राहून स्वतःला एकदा नीट पाहून घेतलं होतं, हेही सांगून टाकतो.

टावर चौकातल्या रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “भिया, चूने की दीवाल पे ऑइलपेंट? क्यों भला?”

“पक्का चाहिए.”

“पक्का तो ऐसा होगा कि आपके पोते देखेंगे.”

मला हा आशीर्वाद वाटला. खिळा ठोकून, सुतळी बांधून गोल काढला; ओळंबा सोडून चौकोन काढला; हिरव्यावर पांढरे, कडा अशा की ब्लेडने कापाव्यात. संध्याकाळी बाबा पोस्टातून आले. बाबा कमी बोलायचे. त्यांनी छत्री खुंटीला अडकवली आणि भिंतीसमोर थोडा वेळ उभे राहिले.

“हे काय?”

“आकार. मुलांसाठी.”

“कुठल्या मुलांसाठी?” एवढं विचारून ते पाय धुवायला गेले.

वहिनी परत आली तेव्हा मला वाटलं, भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने भिंतीवरून नख फिरवलं, ते सरकन घसरलं, आणि ती म्हणाली, “गोल मस्त आलाय हं, भाऊजी. एकदम वाटीच.” आई म्हणाली, “अरे पण संजा?” मी म्हटलं, “यातच बसवायची. चौकोनात पाटला. जागा आखून दिलीय.” आईने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने छताकडे पाहिलं. दोघी काहीतरी जाणून होत्या आणि सांगत नव्हत्या. आज मला वाटतं, एवढ्या हौसेने रंगवलंय तर याला स्वतःच बघू दे, असं त्यांनी ठरवलं असावं.

पौर्णिमेची संध्याकाळ. पोरं, पोरांच्या आया, समोरच्या चौबे काकी, सगळे ओसरीवर. वहिनीने शेणाचे गोळे करून दिले, पोरांनी माझ्या चौकोनाच्या कडेकडेने थापले, पाकळ्या लावल्या. मी मागे उभा राहून, “कोना, कोना, कोना ठीक करो,” अशा सूचना देत होतो. पाटला बसला. खरंच सुंदर दिसला. एक आई म्हणालीसुद्धा, “कितना सीधा बना है.” मी खाकरलो. आरतीचं ताट उचललं गेलं आणि तेवढ्यात भिंतीवरून एक हळू, ओला, सरकण्याचा आवाज आला. वरची बाजू पुढे झुकली, तिने थोडा वेळ विचार केला आणि अख्खा पाटला पाकळ्यांसकट थप्पकन खाली.

मग टिन्नीने जाहीर केलं, “संजा गिर गई.” आणि लहानग्यांनी भोकाड पसरलं.

मी पुढे झालो. पडलेलं शेण गोळा केलं, पुन्हा चौकोनात थापलं, पुन्हा सरकायला लागलं, म्हणून दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं. “आरती करो, आरती करो,” मी म्हटलं, “मैं पकड़ के रखता हूँ.” आरती झाली. म्हणजे भिंतीकडे तोंड करून, हात पसरून, शेणाला चिकटून मी उभा आणि पाठीमागून ताट फिरतंय. मान वळवून पाहिलं तर आई पदर तोंडाला लावून हलत होती. वहिनीने माझ्या पाठीवर तेरड्याची पाकळी टाकली. पोरांचं रडणं थांबलं, कारण हे त्यांना संजापेक्षा जास्त आवडलं होतं.

चौबे काकी जवळ येऊन भिंतीवर बोट फिरवून म्हणाल्या, “अरे नंदू, या दीवाल है कि काँच? छोरा-छोरी को म्हारे यहाँ भेज दो कल से.”

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळ झाली की अख्खा वर्ग समोरच्या काकींच्या भिंतीशी. आईसुद्धा आपला पाट उचलून तिकडे जायची. मी माझ्या हिरव्यागार, झुळझुळीत भिंतीला टेकून फिजिक्स उघडून बसायचो आणि गल्लीपलीकडून ऐकायचो. चौपट झाली. सातिया झाला. मला कोणी बोलावलं नव्हतं असं नाही. बोलावलं होतं, आणि मी “अभ्यास आहे” म्हटलं होतं. मग ते पुन्हा बोलावेनात, हा मला त्यांचा दुष्टपणा वाटला.

एका संध्याकाळी प्रसाद ओळखायचा खेळ फार लांबला. वहिनीने डबा झाकून हलवला. “मीठा है कि नमकीन?” “मीठा!” “क्या है?” लाडू, पेढा, खोबरं, सगळं झालं. कोणालाच येईना. पण वारा माझ्या बाजूने होता आणि मला डबा हलला तेव्हाच कळलं होतं. बेरी. साखर घालून, पोळीच्या चुऱ्यात कालवलेली माझी बेरी, आता गल्लीतल्या सगळ्या शेंबड्या पोरांत वाटली जाणार होती. मी ओठ मिटून बसलो. मी पुस्तकाचं पान उलटलं. आणि मग मीच ओसरीवरून गल्लीपार जाईल असा ओरडलो, “बेरी!”

सगळी डोकी वळली. टिन्नी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “भैया चीटिंग कर रहे हैं. भैया तो खेल ही नहीं रहे.”

थोड्या वेळाने वहिनी वाटीत माझा वाटा घेऊन आली. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, “भाऊजी, किलाकोट मोठा असतो. काकींची भिंत पुरायची नाही. ही खरवडाल का?”

“तासाचं काय?” मी विचारलं.

“ते आईंचं आईंना ठाऊक. मी भिंतीचं विचारतेय.”

मी खरवडली. पत्र्याच्या तुकड्याने, विटेने, कानशीने, बोटांना फोड येईस्तोवर. हिरवा निघाला, चौकोन निघाला. गोल काही पुरता निघाला नाही. सुतळीचा खिळा होता तिथपासून कडेपर्यंत रंग चुन्यात मुरला होता. वरून चुना फासला तरी फिकट दिसायचाच. अजून दिसतो. दादा-वहिनी त्याच घरात राहतात, दर पावसाळ्यात भिंतीला ओल आली की तो वर येतो. मागच्या वर्षी माझ्या नातवाने पाहिला. दुकानदार खरं बोलला होता.

अमावास्येला किलाकोट उभा राहिला आणि काय उभा राहिला. बुरुज वाकडे, तट पोटातून फुगलेला, दरवाजा एवढा लहान की आत कोण जाणार हा प्रश्न पडावा. पण घट्ट बसला. मी शिडीवर होतो. वर माझा पांढुरका गोल तयारच होता, म्हणून मी खाली वाकून म्हटलं, “चाँद तो बना-बनाया है. इसी पे फूल लगा दो.” टिन्नीने मान वर करून त्याकडे पाहिलं. मग शेणाचा गोळा घेतला, शिडीच्या दोन पायऱ्या चढली आणि माझ्या गोलाच्या शेजारी स्वतःचा चंद्र थापला. बटाट्यासारखा. आणि वहिनीकडे बघून, हसत, मुद्दाम त्याला शेपूट काढलं. पाकळ्या सगळ्या त्यालाच गेल्या.

खाली उभ्या असलेल्या आईने ते पाहिलं. मला तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी पोरं संजा खरवडून टोपलीत घालून क्षिप्रेवर शिरवायला, म्हणजे विसर्जन करायला, निघाली तेव्हा ती मला म्हणाली, “तास शालिनीकडे. तू फिजिक्सचं बघ.”

मी जेवलो नाही. म्हणजे आईसमोर जेवलो नाही. नंतर फडताळातल्या पोळ्या लोणच्याशी खाल्ल्या. ओसरीवर बाबा पेपर वाचत होते. मी शेजारी बसलो आणि भिंतीकडे बघत सुरू झालो. ती आल्यापासून या घरात मला कोणी विचारत नाही. पोरं तिची. आई तिची. बेरीसुद्धा तिची. आता तासही तिचा. माझं काय राहिलं?

बाबांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला.

“नंद्या,” ते म्हणाले, “आम्ही दादाला बायको आणली. तुला सवत नाही आणली.”